काळे डबे

डबे मजबूत होते, हे मान्य करायला हवं.
दोन किलोंचे, काळे, रुंद तोंडाचे,
झाकण फिरवलं की मुंगीची बिशाद नाही.
सलीलची पावडर संपली की मी ते घासायचे,
स्विंडनच्या अर्धवट उन्हात पालथे घालायचे
आणि भरायचे: तूरडाळ, जाडे पोहे, शेंगदाणे,
एकात भाजणी.
बाहेरचा तो दंड फुगवलेला बाप्या
मी कधी खरवडून काढला नाही.
फडताळात सात बाप्ये ओळीनं उभे,
पोटात कडधान्य घेऊन.

शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी, अकरा वर्षं.
तिथं चौदा गोष्टी फळ्यावर लिहाव्या लागतात,
तीळ, मोहरी, सेलरी, अंडं,
कुठल्या लेकराला काय सोसत नाही म्हणून.
केचपच्या बाटलीचंही मागचं बारीक वाचते, चष्मा लावून.
घरातलं वाचलं नाही.
घरातलं कोण वाचतं?

मार्चमध्ये त्याचे पाय सुजले.
मला वाटलं, अंग धरतोय.
(मीच म्हणाले होते ना,
मावशीच्या लग्नाच्या फोटोत काडी दिसतोस.)
लघवी कोऱ्या चहासारखी होते
हे त्यानं मला नाही, बापाला नाही, फोनला विचारलं.
फोन म्हणाला, पाणी पी.

त्या रात्री पाच चक्रांच्या चौकात हे दोनदा चुकले.
रोज त्याच रस्त्यानं जाणारा माणूस.
तोच पेट्रोल पंप तिसऱ्यांदा आला
तेव्हा मागून सलील म्हणाला, बाबा, डावीकडे.

डॉक्टर प्रॉसर वेल्सच्या, बुटक्या, मोज्यांवर मेंढ्या.
क्रिएटिनिन पाचशे बारा, म्हणाल्या.
मी डोळ्यांसमोर पाचशे बारा ग्रॅम आणले,
मला आकडा तसाच कळतो.
तो जे जे घेत होता ते सगळं घेऊन या, म्हणाल्या.

पहाटे चारला मी ओट्यापाशी.
डाळ पातेल्यात, पोहे उशीच्या अभ्र्यात,
भाजणी परातीत.
आता वाचलं.
सतरा वस्तू आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन,
खाली लिहिलेलं, आमचं खास मिश्रण.
शाळेत मी असं लिहिलं असतं
तर दुपारच्या आत घरी पाठवलं असतं मला.
त्याच्या बॅगेतल्या बरणीवर तर नुसता वाघ.
ती जिममधल्या कुणा कॅलमनं दिलेली,
लॉकरमधून, रोखीनं.

डॉक्टरांनी पहिलं झाकण उघडलं
आणि वॉर्डभर धण्याजिऱ्याचा खमंग वास.
"ही कुठली कंपनी?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.
मी हसले. त्या दिवशी, तिथं, हसले.
सलीलही हसला, आणि मशीनची नळी हलली.

नेमकं कशानं, ठाम सांगता येणार नाही.
वाघावर दाट संशय.
पाठीसाठी घ्यायचा त्या गोळ्यांनीही हातभार लावला असेल.
परत येतील किडन्या, किंवा थोड्या येतील.
थोड्या म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार.
फ्रिजवर यादी:
बटाटा उकळून पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचा.
टोमॅटो नाही, नारळ नाही, शेंगदाणे नाहीत.
डाळ मोजून.
वाढताना माझा हात थांबतो,
आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पोराला
कमी वाढते आहे.

डबे टाकायला नेले होते, कचराकुंडीपर्यंत.
परत आणले. डाळ कशात ठेवू?
कोमट पाण्यात भिजवून, मग सुरीनं, मग नखांनी
एकेका बाप्याचा दंड सोलून काढला.
गोंद निघत नाही, बोटाला लागतो अजून.
वर पट्टी चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलं:
तूरडाळ. चौदाशे ग्रॅम. बाकी काही नाही.

सलीलनं ते वाचलं, उभ्या उभ्या, दाराला टेकून.
म्हणाला, आई, तारीख राहिली.